पुण्याला कुरिअर, भामरागडला पोस्ट

देवरुखहून आमसुलं, फणसपोळी आणि तळलेले गरे पाठवायला मी 2019मध्ये सुरुवात केली. तेव्हापासून वहीत दोन रकाने आहेत: एक स्पीड पोस्टचा, दुसरा इथल्या एका खासगी कुरिअरचा. कधी दिलं, कधी पोचलं, एवढंच त्यात लिहिते.

पहिल्या पानांवर कुरिअरचीच सरशी दिसते. संध्याकाळी पोरगा घरून खोका न्यायचा आणि तिसऱ्या दिवशी कोथरूडच्या काकूंचा 'मिळालं गं' म्हणून फोन. पोस्टाला चार-पाच दिवस. मग मार्च 2020 आला. कुरिअरचा रकाना पुढचे दोन महिने कोरा आहे, पोस्ट टाळेबंदीतही सुरूच होतं.

पैशांचं गणित मला गऱ्यांनी शिकवलं. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000ने भागतात आणि येईल तेवढे किलो धरतात. माझा खोका 30 बाय 30 बाय 20चा, आत जेमतेम किलोभर गरे. पैसे मोजले 3.6 किलोचे! काउंटरवर भांडून झाल्यावर घरी येऊन मुकाट्याने सगळे खोके बदलले. स्पीड पोस्टचे दर मात्र 2012नंतर थेट ऑक्टोबर 2025मध्ये वाढले. तेव्हाच ओटीपी सांगून पार्सल ताब्यात घ्यायची सोयही आली, पाच रुपये अधिक जीएसटी. मी ती घेते. कारण कुरिअरच्या 'डिलिव्हर्ड'चा अर्थ दोनदा 'वॉचमनच्या खुर्चीखाली' असा निघाला.

खरा फरक कळला तो गडचिरोलीतल्या भामरागडला. तिथल्या एक शिक्षिका माझ्याकडून आमसुलं मागवतात. कुरिअरच्या साइटवर पिनकोड चालतो, पण नंतर बाईंना फोन गेला, 'आलापल्लीला येऊन घेऊन जा.' म्हणजे साठेक किलोमीटर, एका पाकिटासाठी! पोस्टमन शाळेत आणून देतो. एका ऑगस्टमध्ये अकरा दिवस लागले, पण तेव्हा पर्लकोटा नदीचं पाणी पुलावरून वाहत होतं. त्याला कोण काय करणार? पाकीट मात्र आतून कोरडं होतं.

आता पुणे-मुंबईची घाईची ऑर्डर कुरिअरला, नागपूरच्या पलीकडचं सगळं पोस्टाला. कोकमाच्या आगळाची बाटली दोघांनाही देत नाही. ती अजून पुण्याला निघालेल्या कुणाच्या तरी पिशवीतूनच जाते.