गच्चीवरचा सौरसंच: बॅटरीविना की बॅटरीसह?

मुंबईतील गृहनिर्माण संस्थांच्या सभेत सौरसंचाचा विषय निघाला, की चर्चा पॅनेल कोणत्या कंपनीचे घ्यावे यावरच रेंगाळते. वास्तविक आधी ठरवायचे असते ते बॅटरी घ्यायची की नाही, कारण पॅनेल दोन्ही प्रकारांत तेच असते. सिलिकॉनच्या पातळ चकतीवर प्रकाश पडला की त्यातील इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि दोन थरांच्या सीमेवरील विद्युतक्षेत्र त्यांना एका बाजूला ढकलते. अशा एका चकतीतून, म्हणजे सेलमधून, जेमतेम अर्धा व्होल्ट दाब मिळत असल्याने अनेक सेल एकसरीत, म्हणजे साखळीसारखे एकामागून एक, जोडतात, आणि एकाच दिशेने वाहणाऱ्या या डीसी विजेची घरात वापरतात ती एसी वीज करण्याचे काम इन्व्हर्टर करतो.

बॅटरीविना संचात दुपारची जादा वीज ग्रिडमध्ये, म्हणजे वीजपुरवठ्याच्या सार्वजनिक जाळ्यात, जाते, नेट मीटर ती मोजतो आणि तेवढी युनिटे बिलातून वजा होतात. मात्र पुरवठा खंडित होताच हा इन्व्हर्टर भर उन्हातही स्वतःहून बंद होतो. तसे न झाल्यास संचाची वीज बाहेरच्या तारांत जाऊन त्यांवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली, तेव्हा अशा संचावर लिफ्ट चालली नसती.

बॅटरीसह हायब्रिड संच अशा वेळी दिवे आणि पंप चालवू शकतो. लिफ्टचे गणित वेगळे आहे, कारण सुरू होताना तिची मोटार क्षणभर फार मोठा प्रवाह ओढते आणि तेवढ्यासाठी इन्व्हर्टर व बॅटरी दोन्ही मोठी घ्यावी लागतात. शिवाय पॅनेल पंचवीसेक वर्षे टिकते, तर बॅटरी त्याआधीच बदलावी लागते. वीज क्वचितच जाणाऱ्या इमारतीने हा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जागेचा हिशेब मात्र दोन्हींना सारखाच लागू आहे. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिटे मिळतात, पावसाळ्यात अर्थातच कमी. ही जागा सावलीविरहित हवी. आमच्या गच्चीवर शेवटची रांग पाण्याच्या टाकीला चिकटवून बसवली गेली. दुपारी चारनंतर टाकीची सावली एकाच पॅनेलच्या कोपऱ्यावर येते, पण सेल एकसरीत असल्याने फटका त्या कोपऱ्यापुरता राहत नाही. कबुतरांच्या विष्ठेचेही तेच. ती वाळून घट्ट बसण्याआधी, काच तापायच्या आत, सकाळीच धुवावी लागते.