अर्थिंगचं काम करून घेतलं, टिळकवाडी बेळगाव

अ‍ॅम्प्लिफायर चालू केला की स्पीकरमधनं घूंऽऽ असा आवाज, म्हणजे हम, दुकानवाला म्हणे स्टॅबिलायझर घ्या, अहो तो व्होल्टेज सांभाळतो, हमचं त्याला काय! शहापूरच्या इलेक्ट्रिशियननं आल्या आल्या न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजलं, १२ व्होल्ट निघालं, असायला पाहिजे दोनेक. तांबडी माती उन्हाळ्यात ठणठणीत वाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कोण घालतंय, मग अर्थिंग नीट लागणार कसं. नवा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप, कोळसा-मीठ, सगळं समोर उभं राहून भरून घेतलं. उरलेला हम केबल टीव्हीच्या वायरीतनं यायलेला, ती काढली की गप्प. हम जायला प्लगची अर्थ पिन काढा म्हणणाऱ्यांचं मात्र ऐकू नका, अ‍ॅम्प्लिफायरच्या बॉडीत करंट उतरला तर जीवावर बेतेल. माणूस वेळेवर येत नाही, फोनवर फोन करायला लागतात, पण काम चोख.