वाफेवरचा ताफा: रेझिनचा घ्यावा की प्लास्टिकचा?

टेबलावर युद्धनौकांच्या छोट्या प्रतिकृती मांडून लढायचा ‘डिस्टोपियन वॉर्स’ हा खेळ खेळायचं नक्की झालं की कुठल्या साम्राज्याचा झेंडा लावायचा यावर लोक महिनाभर घोळ घालतात. जहाजं कशाची असावीत याचा विचार मात्र पार्सल फोडल्यावर सुरू होतो. स्पार्टन गेम्सने २०१० मध्ये हा खेळ आणला तेव्हा जहाजाचा सांगाडा रेझिनचा (साच्यात ओतून घट्ट केलेल्या कृत्रिम राळेचा) आणि टरेटसारखे (तोफांचे फिरते बुरूज) बारीक भाग पांढऱ्या धातूचे असत. २०१७ मध्ये ती कंपनी बंद पडली. हक्क वॉरक्रेडल या दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि नव्या आवृत्तीसाठी प्लास्टिकचे संच निघाले. जुने रेझिनचे ताफे अजूनही हातोहात फिरतात, त्यामुळे निवड खरीच करावी लागते.

रेझिनचं जहाज हातात घेतलं की पहिल्यांदा जाणवतं ते वजन. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत सांगाडा एकसंध असतो. टरेट, धुराडी चिकटवली की जहाज उभं राहतं, जोडकाम फारसं नाहीच. वेळ जातो तो त्याआधी. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर कोमट पाण्यात साबणाने धुवावा लागतो, नाहीतर प्राइमर (रंगाआधीचा पहिला थर) पापडासारखा सुटतो. तळ वाकलेला असेल तर गरम पाण्यात धरून सरळ करायचा आणि लगेच गार पाण्यात बुडवायचा. हवेच्या बुडबुड्यांची भोकं पुट्टीने बुजवायची. घासकाम ओल्या पॉलिश पेपरनेच आणि मास्क लावून, कारण रेझिनची भुकटी फुप्फुसात जाणं चांगलं नाही. चिकटवायला सुपर ग्लूच लागतो, आणि त्याचा सांधा धक्का सोसत नाही. मोठ्या टरेटला पिन व्हाइसने, म्हणजे हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने, भोक पाडून पितळी तार घातली तर निभावतं. माझ्या पहिल्या बॅटलशिपला मी तार घातली नव्हती. तिसऱ्या डावात पुढचा टरेट टेबलाखाली गेला, तो अजून सापडलेला नाही.

प्लास्टिकचा हिशेब उलटा आहे. धुणं-वाकणं जवळजवळ नाही, पण भाग भरपूर. कटरने सोडवा, साच्याच्या सांध्याची उमटलेली रेघ खरवडा, जोडा, पुढचा भाग घ्या. पहिली फ्रिगेट (छोटी युद्धनौका) मजेत होते, सहावीला मान अवघडते. मोबदल्यात प्लास्टिक सिमेंट दोन्ही पृष्ठभाग वितळवून एकजीव करतं, असा सांधा सहसा निखळत नाही. शिवाय एकाच स्प्रूमधून (सुटे भाग जोडलेली प्लास्टिकची चौकट) क्रूझरचे, म्हणजे मध्यम युद्धनौकेचे, दोन-तीन प्रकार बनतात. इथेच घाई नडते. टरेट चिकटवून टाकला की तो प्रकार कायमचा. खाली छोटं निओडिमियम चुंबक बसवलंत तर आज तोफा, उद्या दुसरं काही. फक्त सगळ्या जहाजांत चुंबकाचं तोंड एकाच दिशेला ठेवा.

घरच्या यूव्ही रेझिन थ्रीडी प्रिंटरची तिसरी वाटही आहे. रिव्हेट सुरेख उमटतात, पण हातमोजे, अल्कोहोलमधली धुलाई आणि पोकळ सांगाड्यात अडकलेलं कच्चं रेझिन हा स्वतंत्र छंद आहे. प्रिंटर आधीपासून असेल तरच या वाटेला जा.

आता टेबलावर काय होतं ते बघू, कारण निवड तिथे ठरते. खेळाचं प्रमाण साधारण १:१२००. म्हणजे खरी ‘एचएमएस वॉरियर’ ही ब्रिटिश चिलखती युद्धनौका, सुमारे १२८ मीटर लांबीची, इथे ११ सेंटिमीटरही भरणार नाही. रेझिनच्या ड्रेडनॉटचा (सर्वांत मोठ्या युद्धनौकेचा) रुबाब वेगळा, यात वाद नाही. पण जुन्या नियमांत एका लक्ष्यावर जोडून मारा करताना मुख्य तोफेचे फासे पूर्ण आणि बाकीच्यांचे निम्मे धरतात. फाशावर सहा पडला तर दोन हिट आणि तो फासा पुन्हा टाकायचा. नशीब उलटलं तर दोन फ्रिगेटही तुमच्या राजेशाही नौकेला महागात पडतात. नव्या नियमांतही चिलखताचा आकडा गाठला की नुकसान आणि सिटाडेलचा (त्याहून वरचा आकडा) गाठला की मोठा घाव. ताफा उभारायला मिळणारे सगळे गुण (पॉइंट) एकाच नौकेत घातले तर शत्रूच्या सगळ्या तोफांना एकच काम उरतं. शिवाय प्रत्येक तुकडी आपल्या पाळीला हलते. छोट्या तुकड्या जास्त असल्या तर महत्त्वाची चाल शेवटपर्यंत राखून ठेवता येते.

म्हणून नव्या माणसाला माझा सल्ला प्लास्टिकचा आहे. क्रूझरची एक तुकडी आणि फ्रिगेटच्या दोन, एवढ्यावर शिकायचा खेळ रंगतो. डागडुजी कमी लागते आणि डब्यात घालून नेताना काही मोडलं तरी रात्री जोडता येतं. रेझिन त्यानंतर, आणि तेही ध्वजनौकेसाठी. एकच मोठं जहाज असेल तर धुणं-घासणं अंगावर येत नाही, आणि पितळी रंगाच्या धुराड्यांवर चार संध्याकाळी घालवायला मजा येते. उलट, घासकाम तुम्हाला मनापासून आवडत असेल आणि कुणी जुना अख्खा ताफा देत असेल, तर रेझिनच घ्या. मात्र त्यातल्या जहाजांना तुमच्या आवृत्तीच्या ऑर्बॅटमध्ये (ताफ्यात काय घेता येतं त्याची यादी) जागा आहे का, ते पैसे देण्यापूर्वी पाहा. धातूच्या डोलकाठ्या हमखास वाकलेल्या मिळतील. सरळ करताना एकाच जागी वारंवार वाकवू नका, तुटतात.

दोन-तीन साम्राज्यांचे संच एकदम मागवणाऱ्यांचं एक ना धड भाराभर चिंध्या होतं, मग साहित्य कुठलंही असो. रंगवताना फ्रिगेट आधी घ्या. काळा प्राइमर, वरून धातूच्या रंगाचा जवळजवळ कोरडा ब्रश, मग खाचांत तपकिरी वॉश (पातळ रंग). सहा फ्रिगेट एका ओळीत मांडून एकेक टप्पा पुरा केला तर दोन बैठकांत होतात. तोवर ड्रेडनॉट राखाडीच राहू दे.