अ‍ॅशलिंगची पाच पुस्तकं : काही महिन्यांच्या सहवासानंतर

उन्हाळ्याच्या सुट्टीत अ‍ॅशलिंग या आयरिश नायिकेच्या कादंबरी-मालिकेतलं पहिलं पुस्तक हातात घेतलं, दिवाळीच्या आगेमागे पाचवं संपलं. मधे पहिलं पुन्हा एकदा वाचून झालं. ‘हलकंफुलकं आहे, प्रवासात वाचायला बरं’ एवढ्यावर या मालिकेची बोळवण केली जाते. ते मला पटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

एमर मॅक्लायसाट आणि सेरा ब्रीन या दोन मैत्रिणींनी २००८ मध्ये फेसबुकवर ग्रुप काढला, तिथे अ‍ॅशलिंगचा जन्म झाला. आयर्लंडमध्ये घरोघरी सापडणारी मुलगी : गावाकडची, नेमस्त, काटकसरी. ऑफिसच्या कपड्यांवर चालायचे बूट घालून निघणारी, वेट वॉचर्स या वजन घटवण्याच्या कार्यक्रमातले खाण्याचे पॉइंट मोजणारी, पाण्याचा हीटर बंद केला ना याची काळजी करणारी. पहिली कादंबरी ‘ओ माय गॉड, व्हॉट अ कम्प्लीट अ‍ॅशलिंग’ २०१७ मध्ये डब्लिनच्या गिल बुक्सने काढली. पाचवी, ‘अ‍ॅशलिंग एव्हर आफ्टर’, २०२३ ची.

अठ्ठावीस वर्षांची अ‍ॅशलिंग बॅलीगोबार्ड या काल्पनिक गावात आईवडिलांच्या शेतावरच्या घरी राहते आणि नोकरीसाठी डब्लिनला जा-ये करते. सात वर्षं सोबत असलेला जॉन तेनेरिफ या स्पॅनिश बेटावरच्या सहलीत तरी लग्नाचं विचारेल, ही आशा. तो विचारत नाही. मग ती त्याला सोडते आणि शहरात साइव्ह आणि इलेन यांच्या झकपक फ्लॅटमध्ये राहायला येते. इथपर्यंत कुणालाही वाटेल की पुढचं आपल्याला ठाऊक आहे.

पण याच पुस्तकात तिचे वडील कॅन्सरने जातात, आणि इथेच ही मालिका माझ्यासाठी वेगळी झाली. लेखिका विनोद बाजूला ठेवून गंभीर आवाज लावत नाहीत. अ‍ॅशलिंग तशीच बोलत राहते. कोण आलं, चहा कुणाला मिळाला, आई कशी आहे, याचीच तिला काळजी. आतापर्यंत ज्या सवयीवर आपण हसत होतो, तीच सवय तिला उभं ठेवते. आयर्लंडमध्ये मयताच्या घरी शेजारीपाजारी सँडविच घेऊन येतात, चहाच्या किटल्या थांबत नाहीत. आपल्याकडे चूल न पेटलेल्या घरी पिठलं-भात येतो, तसंच ते. दुसऱ्या वाचनात मला जाणवलं की वडिलांशी तिचं असलेलं नातं सुरुवातीच्या प्रकरणांपासून किती हळूच पेरलेलं आहे. पहिल्यांदा मी ते हसण्याच्या नादात ओलांडून गेले होते.

तिला कुणी मूर्ख ठरवत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. विनोदी कादंबरीची नायिका बहुतेकदा धडपडी, वेंधळी असते. प्रेमात कुणीतरी तिला सावरायचं असतं. अ‍ॅशलिंग व्यवस्थित आहे, कामसू आहे. दुसऱ्या पुस्तकात नोकरी जाते, राहतं घर जातं, पुन्हा सोबत आलेला जॉनही जातो. ती आईकडे परत येते आणि गावात कॅफे उभा करते. तिसऱ्यात जिवलग मैत्रीण मजेलाचं लग्न आहे, आणि मैत्री लग्नाइतकीच जपावी लागते हे तिथे छान येतं.

चौथं पुस्तक मात्र मला कमी भावलं. अ‍ॅशलिंग न्यूयॉर्कला जाते. प्रसंग भरपूर, वेगही आहे, पण तिच्या बोलण्याला धार येते ती तिला ओळखणाऱ्या माणसांमध्ये : दुकानदार, मैत्रिणींच्या आया, गेलिक म्हणजे आयर्लंडच्या पारंपरिक खेळांच्या क्लबातली मंडळी. मॅनहॅटनमध्ये ते गणगोत नाही, त्यामुळे विनोद कधी कधी फक्त ‘गावची मुलगी महानगरात’ एवढाच उरतो. पाचव्यात ती घरी परतते आणि लेखनातही जीव परत येतो.

वाचणाऱ्यांसाठी : क्रम मोडू नका. जॉनची आणि वडिलांची गोष्ट पहिल्यापासून माहीत नसेल तर पुढचं अर्धं हरवतं. इंग्रजी अवघड नाही, पण आयरिश बोलीतले शब्द सतत येतात. पहिली पन्नासेक पानं धीर धरा, नंतर ते आपोआप कळायला लागतात. गावातून पुण्या-मुंबईला नोकरीसाठी आलेल्या आणि दर शनिवारी एसटीने घरी जाणाऱ्या मुलींना मी हे आवर्जून वाचायला देईन. नुकतंच घरात कुणी गेलं असेल, तर मात्र पहिल्या पुस्तकाला थोडं थांबून हात घाला.