निळ्या पडद्यातून ब्राउझरमध्ये: आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

हिशेबाचं हे सॉफ्टवेअर मी डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीच्या, दिवसांपासून वापरतेय. आधी निळा पडदा, मग विंडोज आणि गेले आठ महिने ब्राउझर. नाव मुद्दाम घेत नाही, कारण कुरकुर बरीच आहे आणि ती एकट्या त्यांच्यावर काढण्यात अर्थ नाही.

पहिलं भांडण एंटरवरून झालं. जुन्या आवृत्तीत एंटर दाबलं की कर्सर पुढच्या रकान्यात. खातं, रक्कम, तपशील. डोळे बिलावर, बोटं नंबरपॅडवर, पडद्याकडे बघायचं कामच नाही. नव्यात एंटर म्हणजे थेट ‘जतन करा’. पहिल्याच दिवशी 17 अर्धवट व्हाउचर होऊन बसली. सेटिंगमध्ये खोलवर ‘जुना कीबोर्ड’ असा पर्याय सापडला तेव्हा जीव भांड्यात पडला.

पण एक गोष्ट त्यानेही सुटली नाही. डॉसमध्ये पडदा मागे राहिला तरी दाबलेल्या 15 कळा बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, थांबायच्या आणि आपल्या क्रमाने उमटायच्या. ब्राउझरमध्ये रकाना तयार व्हायच्या आत बोट पडलं की पहिला आकडा गायब. मी 4500 टाकले, त्याने 500 घेतले. बँक जुळणीत 4000 चा फरक. फरकाला 9 ने भाग गेला तर अंक उलटेसुलटे पडलेत असं समजायचं, ही आमची जुनी युक्ती. 4000 ला जात नाही. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. आता रक्कम टाकताना मी पडद्याकडे बघते, म्हणजे वेग गेलाच.

तरी त्यांनी जुना एंटर ठेवला, याला मी मान देते. बोटांची सवय जपणाऱ्याचं काय होतं, हे स्प्रेडशीटच्या इतिहासात दिसतं. 1983 चं लोटस 1-2-3 डॉसवर राज्य करत होतं. कंपनीने ओएस/2 या विंडोजच्या स्पर्धक प्रणालीवर भिस्त ठेवली आणि त्यांची विंडोज आवृत्ती यायला 1991 उजाडलं. एक्सेल तिथे 1987 पासूनच होतं. पण एक्सेलनेही लोटसवाल्यांना ओढायला त्यांच्या काही सवयी उचलल्या. स्लॅश दाबलं की एक्सेलचा मेनू आजही जागा होतो. इतकंच नाही, लोटसची चूकसुद्धा घेतली: 1900 हे लीप वर्ष नव्हतं, तरी एक्सेलमध्ये 60 लिहून त्याला तारखेचं रूप द्या, 29 फेब्रुवारी 1900 दिसेल. चूक सुधारली असती तर लोकांच्या जुन्या फायलींतल्या तारखा सरकल्या असत्या, म्हणून ती तशीच राहिली.

आमच्या सॉफ्टवेअरमध्येही अशी हाडं जागोजागी टोचतात. एक्स्पोर्ट केलेल्या फाइलचं नाव अजून डॉससारखं आठ अक्षरांवर कापलं जातं. एकदा तर ब्राउझरमध्ये ‘डिस्कवर जागा आहे का तपासा’ असा संदेश आला! कुठली डिस्क, बाई? वर नवा रंग, आत जुनंच इंजिन, हे उघड आहे. पण मला ते चालतं. मागच्या सगळ्या वर्षांचे ताळेबंद उघडून पाहिले, एकही शिल्लक दशांशानेही हलली नव्हती. सगळं नव्याने लिहिलं असतं तर मी इतक्या निर्धास्तपणे झोपले नसते.

फायदेही आहेत. रोजचा बॅकअप माझ्या डोक्यावरून उतरला, आणि महिनाअखेरीला दोघी-तिघी एकाच वेळी खतावणीत काम करू शकतो.

खरी तक्रार वर्गणीची. 1999 मध्ये स्थापन झालेल्या सेल्सफोर्सने पहिल्यापासून इंटरनेटवरूनच सॉफ्टवेअर दिलं, अडोबीने 2013 मध्ये फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या कायमच्या परवान्यावर विकणं थांबवलं. वारं त्याच दिशेला आहे, हे कळतं. पण पूर्वी नवी आवृत्ती सीडीवर यायची आणि हिशेब बंद होईपर्यंत ती खणात पडून राहायची. कधी लावायची ते मी ठरवायचे. मोठी गिऱ्हाइकं अजूनही अशी वेळ मागून घेतात: मोठ्या कंपन्यांना कारभाराचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या सॅपने जुन्या प्रणालीचा आधार 2025 ला संपवायचं ठरवलं होतं, 2020 मध्ये ती मुदत 2027 वर नेली. माझ्यासारखीला कोण विचारतं? ऐन क्लोजिंगच्या आठवड्यात एका सकाळी थकबाकीचा अहवाल मेनूतून नाहीसा झाला. दोन तासांनी तो ‘अंतर्दृष्टी’ नावाच्या पानावर सापडला. थकबाकीत कसली अंतर्दृष्टी!

वर्गणी थांबवली तर काय, म्हणून सगळा डेटा बाहेर काढून पाहिला. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल, मिळते. एक्सेलमध्ये उघडल्यावर मात्र खात्यांच्या कोडमधली सुरुवातीची शून्यं गळतात, 0071 चं 71 होतं. आधी तो रकाना मजकूर म्हणून आयात करा.

एक वर्षाची वर्गणी भरली आहे. जुना संगणक अजून टेबलाखाली आहे, आणि वर्षअखेरीची जुळणी होईपर्यंत त्याची वायर मी काढणार नाही.