चंद्रकळा घेताना आधी उलटी बाजू बघा

भाचीची पहिली संक्रांत, म्हणून चंद्रकळा, म्हणजे काळी साडी घ्यायची होती. तिच्या आईला काळी म्हटलं की कसलीही साडी चालते, मला तशी चालत नाही, म्हणून पैसे तिचे, पायपीट माझी असं ठरलं. बेळगावच्या शहापुरात सव्वीस वर्षं ब्लाउज शिवते आहे. कापड हातात आलं की आधी उलटं करते, ही सवय आता सुटणारी नाही.

बेळगावच्या खडे बाजारात इरकल साड्या विकणारं हे जुनं दुकान आहे. गादीवर बसायचं, चपला पायरीखाली. मालक आपल्याशी मराठीत बोलतात, पण वार मोजायला लागले की कानडीवर जातात. काळी इरकल मागितल्यावर त्यांनी नऊ-दहा घड्या पुढ्यात टाकल्या. मी पहिलीच उलटी केली तर म्हणाले, "उलटं करून काय बघालाय वो अक्का? नेसायची सुलटीच की!"

त्या नऊ-दहांत हातच्या कसुतीची, म्हणजे दोरे मोजून केलेल्या भरतकामाची, आणि मशीनची भरतकामवाली, दोन्ही एकाच थप्पीत होत्या. ही माझी पहिली आणि मोठी तक्रार. मशीनची वाईट असते असं म्हणत नाही. तिच्यावर भरलेला हत्ती सुलट बाजूला हातच्यापेक्षा नेटका दिसतो. पण पाठीमागं दोऱ्यांचा गुंता आणि चिकटवलेला पांढरा कागद. किमतीत दुप्पट-तिपटीचा फरक आहे, मग चिठ्ठी लावायला काय जातं? विचारल्यावर खरं सांगतात, एवढं मात्र कबूल. न विचारणारं गिऱ्हाईक काय करणार?

शेवटी जी घेतली तिच्याबद्दल. अंग सुती, पदर रेशमी. टोपी-तेणी पदर म्हणजे लालाचे तीन पट्टे, त्यांच्यामध्ये पांढऱ्याचे दोन, आणि पट्ट्यांच्या कडेला फणीसारखे दाते. अंगाचा ताणा (मागावरचे उभे धागे) आणि पदराचा ताणा वेगवेगळा लावतात आणि एकाच्या फासात दुसऱ्याचा फास अडकवून जोडतात. याला कोंडी म्हणतात. म्हणून इरकलचा ताणा एकेका साडीपुरताच करावा लागतो. लांबलचक ताणा लावून दहा साड्या कापून काढता येत नाहीत. पदर कुठं सुरू होणार हे पहिला धोटा फिरायच्या आधीच ठरलेलं असतं. मला हे फार आवडतं. माझ्याकडं कापड फाडल्यावर "बाही जरा लांब करा" म्हणणाऱ्या बायका येतात, त्यांना एकदा मागावर बसवायला पाहिजे.

आता कसुती. यात छापा नाही, पेन्सिल नाही, कापडाचे दोरे मोजून टाका घालायचा. या साडीवर गवंती टाका आहे: जाताना एक घर भरायचं, एक सोडायचं, आणि त्याच वाटेनं परत येताना सोडलेली घरं भरायची. गाठ मारायची नाही. नीट जमलं की दोन्ही बाजूंना एकच नक्षी उमटते. म्हणजे सुई लावायच्या आधी डोक्यात अख्खा रस्ता पाहिजे, नाहीतर गोपुराच्या कळसावर जाऊन दोरा अडकला, परत यायला वाट नाही. टाके आडवे, उभे किंवा तिरपे, एवढेच. गोल नाहीच. हत्तीची पाठसुद्धा पायऱ्यांची. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमलबस्ती या जैन मंदिराच्या छतात आठशे वर्षांपूर्वीचं दगडी कमळ आहे, मधल्या बिंदूपासून पाकळ्या उलगडत जातात; तेच कमळ कसुतीत आलं की त्याला कोपरे फुटतात. शाळेत बाईंनी रांगोळीला ठिपके मोजायला लावले होते तेव्हा कंटाळा यायचा. आता वाटतं, मोजणी पक्की असली की हात मोकळा होतो. ही साडी भरणाऱ्या बाईनं पदराजवळ रथ आणि पालख्या मोठ्या घेतल्या आहेत, अंगावर उतरताना नक्ष्या लहान आणि विरळ होत गेल्या आहेत. काळ्यावर रिकामी जागा कुठं सोडायची हे तिला कळलं आहे. शेजारच्या मशीनच्या साडीवर सगळीकडं एकाच मापाचा हत्ती, एकाच अंतरावर. डोळा कुठं थांबतच नाही.

घरी आणून खिडकीत धरली तेव्हा एका समईत चूक सापडली. सगळे टाके चार दोऱ्यांचे, तिथं एक पाचाचा. कुठंतरी मोजणी हुकली आणि आकृती मिटेना, म्हणून बाईनं एक टाका ताणून घेतला. हातकामाचं कौतुक वगैरे ठीक आहे, पण ६,८०० रुपये मोजल्यावर मला ते खुपलं. दुकानात मालकांना फोन केला. दोनशे कमी करा म्हटलं तर हसले आणि म्हणाले, "तुम्ही सोडून कोण मोजतंय?" पैसे कमी केले नाहीत. बदलून देतो म्हणाले, पण दुसरीचा पदर मला आवडला नव्हता.

ब्लाउजला गुळेदगुड्डचा खण तिथंच घेतला. माल चांगला, रंग गेला नाही. मी कोपरा रात्रभर भिजवून बघितला. फक्त काठ दोन्ही बाह्यांवर सारखे बसवायचे तर कापड जरा जास्त लागतं आणि ते हे लोक सांगत नाहीत. तब्येतीनं भरलेल्या बाईनं दीड खण मागावा.

जायचं तर सकाळी अकराच्या आत जा. नंतर गणपत गल्लीच्या तोंडाशी गाडी लावायला जागा नसते आणि गादीवर बसायलाही. थप्पीतली प्रत्येक घडी स्वतः उलटा, मालक रागावत नाहीत.

फॉल मीच लावणार आहे. खालच्या काठाजवळच्या तीन तुळशी वृंदावनांची पाठ फॉलखाली जाते. भाचीला विचारलं तर म्हणते, मावशी, कोण बघतंय. मी दोन बोटं अरुंद फॉल आणायला सांगितला आहे.