आयगरची भिंत की बर्फातला किल्ला?

क्लिंट ईस्टवूड, आल्प्स, हेरगिरी आणि दोराला लटकलेली माणसं. या वर्णनात दोन सिनेमे बसतात. १९६८ चा 'व्हेअर ईगल्स डेअर' मुंबईतल्या काका-मामांच्या पिढीला तोंडपाठ आहे. १९७५ च्या 'द आयगर सँक्शन'चं नाव काढलं, तर तेच काका विचारतात, "हा कुठला?" शनिवारच्या रात्री एकच बघायचा असेल, तर कुठला लावावा?

निव्वळ हेरकथा हवी असेल तर फार विचार करू नका, 'ईगल्स' लावा. ॲलिस्टर मॅक्लीनची पटकथा आहे. जर्मनांच्या ताब्यातल्या किल्ल्यातून एका अमेरिकन जनरलला सोडवायचं, एवढंच काम आहे असं वाटतं. मग जेवणघराच्या त्या लांबलचक प्रसंगात रिचर्ड बर्टन एकेकाला असा काही खेळवतो की कोण कुणाचा माणूस हे आपल्यालाही कळेनासं होतं. अडीच तासांहून मोठा सिनेमा, पण कंटाळा येत नाही.

'आयगर'ची हेरकथा त्यापुढे लंगडीच. हेमलॉक (ईस्टवूड) हा कलेचा प्राध्यापक. पैसे घेऊन खून करायचा आणि त्यातून दुर्मिळ चित्रं जमवायची, हा त्याचा जोडधंदा. स्वित्झर्लंडमधलं आयगर शिखर चढणाऱ्या तिघा जोडीदारांपैकी एकाला त्याला मारायचंय. कुणाला, ते त्यालाच ठाऊक नाही. कल्पना झकास, पण तिथे पोचेपर्यंत तासभर जातो. त्या तासातले बायकांवरचे, वंशावरचे विनोद आज कानाला टोचतात आणि समलिंगी खलनायक तर निव्वळ टिंगल म्हणून उभा केलाय. आईवडिलांसोबत बसणार असाल, तर हेही लक्षात घ्या.

मात्र तुम्ही कधी कमरेला हार्नेस (दोर अडकवायचा पट्टा) चढवून लोणावळ्याजवळच्या नागफणीच्या कड्यावरून खाली पाहिलं असेल, तर पारडं फिरतं. 'ईगल्स'मध्ये किल्ल्याच्या भिंतीवर दोराने चढणं आहे आणि केबल कारच्या टपावर आइस ॲक्स घेऊन मारामारी आहे. मजा येते, पण बर्टन पडेल अशी भीती एकदाही वाटत नाही. 'आयगर'मध्ये ईस्टवूड स्वतः चढलाय, दिग्दर्शनही त्याचंच. सरावासाठी तो आणि जॉर्ज केनेडी ॲरिझोनातल्या टोटेम पोल या शंभर मीटरहून उंच सुळक्यावर जातात. माथा इतका अरुंद की दोघं बसले की जागा संपली. वर केनेडी बिअरचं नाव काढतो. इथवर बिअर वाहून आणायची म्हणजे वेडेपणा, असं ईस्टवूड म्हणतो, तर उत्तर मिळतं की ती तुझ्याच सॅकमधून आलीय. लीड करणाऱ्याच्या, म्हणजे सर्वांत पुढे चढणाऱ्याच्या, पाठीवर गुपचूप ओझं चढवणारे असे महाभाग प्रत्येक ग्रुपमध्ये असतात!

आयगरची उत्तर भिंत सुमारे १८०० मीटरची, तीही दगड सुटणारी. सह्याद्रीतल्या घसाऱ्याने ज्यांची तंतरली आहे, त्यांना पडद्यावरचा प्रत्येक 'टक्' ऐकू येईल. ही भीती खोटी नाही. १९७४ मध्ये चित्रीकरणादरम्यान डेव्हिड नोल्स हा ब्रिटिश गिर्यारोहक तिथेच दगड कोसळून गेला. शेवटचा प्रसंग घडतो तो भिंतीच्या पोटातून जाणाऱ्या रेल्वेच्या खिडकीपाशी. १९३६ मध्ये टोनी कुर्झ हा जर्मन गिर्यारोहक याच भागात दोराला लटकून, सुटकेला आलेल्यांपासून काही मीटरवर मेला. हे माहीत असलं की सुरीने दोर कापायचा तो क्षण भलताच अंगावर येतो.

संगीतात दोन्ही तुल्यबळ: तिकडे रॉन गुडविनचे ढोल, इकडे जॉन विल्यम्स.

घरात पाहुणे असतील तर 'ईगल्स'. क्लाइंबिंगवाली मंडळी जमली असेल तर 'आयगर', आणि पहिल्या तासात खुशाल भजी तळायला उठा. फक्त टोटेम पोलच्या आधी परत येऊन बसा.